खुर्चीला कसला आजार?

"फुटली! छाती फुटली! रक्त आलं!"

दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर गल्लीतल्या शिंप्याच्या आईची, महाराजांनीच घडवलेली वीतभर मातीची मूर्ती होती. महाराजांनी तिच्यावर मंतरलेलं पाणी शिंपडलं आणि छातीच्या भेगेतून तांबडा ओघळ उतरला.

"रोग मातीत गेला," महाराज डोळे मिटून म्हणाले. "आता रक्तदाबाच्या गोळ्या बंद."

"पुढच्या बैठकीला आपल्या चिमणीची मूर्ती," ताई माझ्या कानात कुजबुजली.

चिमणी तिची लेक. तिला मधुमेह. इन्सुलिन थांबवलं तर पोर हातची जाईल, असं डॉक्टरांनी ताईला बजावलेलं. आणि महाराजांचा हुकूम काय, तर इंजेक्शनांचा डबा पायाशी आणून ठेवा, पुन्हा हात लावू नका!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोट माझंही मातीवरच भरतं. बालचित्रपटांसाठी मी तारेच्या सांगाड्यावर मातीची पात्रं घडवते. महाराजांच्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. खारट! काय ते कळलं.

"ताई, ही शुद्ध लबाडी आहे."

"रोज सुया मी टोचते तिला. तू नाही."

लेकीला टोचून टोचून ती थकली होती. नेमकं तेच त्या माणसानं हेरलं होतं.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी साध्या लोखंडी तारेचा सांगाडा वळला, ओली माती चढवली आणि खुद्द महाराज घडवले: दुहेरी हनुवटी, सुटलेलं पोट, तशाच तार-मातीच्या खुर्चीत ऐसपैस. बैठकीपर्यंत रोज मिठाचं पाणी शिंपडत ती मूर्ती वाळवली.

बैठकीला ताईनं इंजेक्शनांचा डबा महाराजांच्या पायाशी ठेवला, पण चिमणीच्या मूर्तीआधी मी माझी मूर्ती पुढे केली. ती पाहून महाराज विरघळले. "आमची? वा! ठेवा, मध्ये ठेवा!"

"तुमच्याच हातानं पाणी शिंपडा ना."

शिंपडलं. पोटाच्या भेगेतून तांबडा ओघळ आला. पण गडी वस्ताद!

"भक्तांचे रोग आम्ही अंगावर घेतो, बाळांनो!"

लोक गहिवरले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई पुढे वाकली.

"महाराज, मग खुर्चीला कसला आजार झालाय?"

मूर्तीच्या खुर्चीचे चारही पाय तांबडे झाले होते.

महाराजांचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले. मी मूर्ती टेबलावर आपटून फोडली. "हे घ्या रक्त! गंजलेली तार! माती वाळताना आक्रसते, तार आक्रसत नाही, म्हणून भेगा पडतात. मिठाच्या पाण्यानं लोखंड लवकर गंजतं आणि वरून पाणी पडलं की तो गंज भेगेतून वाहतो. कुठला मंत्र नि कुठला रोग!"

महाराज दाराकडे सरकले. दारात शिंपी उभा होता.

"गोळ्या बंद केल्या आईच्या, तुमच्या सांगण्यावरून. तिचं अर्धं अंग गेलंय. इस्पितळात पडलीय. चला, तिला सांगा हे गंजाचं!"

ताईनं त्यांच्या पायाजवळचा डबा उचलला.

"चल चिमणी, इंजेक्शनची वेळ झाली."

चिमणीनं नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. ताईनं एक साधा प्रश्न विचारला म्हणून ती आज तोंड वाकडं करायला आहे. तुम्हीही विचारा, हात जोडण्याआधी.