नाव बदललं तर विमा महागेल म्हणे!

मित्रांनो, मी जुनी झाले आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी माझं वय काढायला नको. मी एक पांढरी, छोटीशी चारचाकी आहे. माझा रंग ठिकठिकाणी उडाला आहे, हॉर्नला कायमचा खोकला झाला आहे आणि थंडीत मी पहिल्या झटक्यात सुरू होत नाही. पण मी भंगार नाही. शेंद्रा गावातल्या ज्या ज्या माणसाने मला भंगार म्हटलं, त्याला मी अडीअडचणीला शहरात नेऊन सोडलं आहे. तेव्हा माझी कहाणी ऐकायची असेल तर सरळ बसून ऐका.

मी कारखान्यात जन्मले तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. तिथे माझ्यासारख्या ढीगभर बहिणी होत्या आणि कुणालाच नाव नव्हतं. मला आठवतं ते दसऱ्यापासून. त्या दिवशी शहरातल्या गुलमंडीजवळच्या गल्लीत राहणाऱ्या श्रीधरकाकांनी मला घरी आणलं. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. पद्मजाकाकूंनी माझ्या बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला आणि प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवलं. काकांनी सीटवरचं प्लास्टिक कित्येक वर्षं काढू दिलं नाही. उन्हाळ्यात बसणाऱ्यांच्या पाठी त्याला चिकटायच्या, तरी नाही. ते मला इतक्या जपून चालवायचे की सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जायचे. मला लाज वाटायची, पण अंगावर ओरखडा नव्हता हेही खरं.

काकांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. माझा विमा ते मुदतीच्या आत स्वतः जाऊन भरायचे. त्यांनी माझ्यासाठी कधी भरपाई मागितलीच नाही, म्हणून कंपनी त्यांना दरवर्षी जास्त जास्त सूट द्यायची. शेवटी ती निम्म्यावर गेली. "ही माझ्या हाताची सूट आहे," असं ते काकूंना अगदी मिशीला पीळ देऊन सांगायचे.

पुढे काकांचे गुडघे धरले आणि नजर अधू झाली. त्यांनी मला शेंद्र्याच्या साहेबरावांना विकलं. साहेबरावांची थोडी शेती होती आणि पोटापाण्याची नोकरी शेजारच्या औद्योगिक वसाहतीत. काकांनी विक्रीच्या कागदांवर सह्या करून दिल्या आणि बजावलं, "नाव लगेच बदलून घ्या बरं." साहेबराव "व्हय व्हय" म्हणाले. मी गल्लीतून निघाले तेव्हा काकू दारात उभ्या होत्या आणि काका मुद्दाम आत गेले होते.

शेंद्र्यात घर मोठं होतं आणि शब्द चालायचा तो साहेबरावांच्या थोरल्या भावाचा, बद्रीनाथतात्यांचा. विम्याचं काम कचरूमामाकडे होतं. तो साहेबरावांच्या बायकोचा मावसभाऊ. त्या घरचा रिवाज असा, की विमा नात्यातल्या पाहुण्याकडूनच काढायचा आणि कागद वाचून बघायचा नाही. वाचला तर पाहुण्यावर विश्वास नाही असा अर्थ व्हायचा.

"नाव कशापायी बदलता भाऊजी?" कचरूमामा चहा फुंकत म्हणाला. "म्हाताऱ्याच्या नावावर निम्मी सूट हाय. नाव बदललं की सूट गेली अन् विमा महागला. ऱ्हाऊ द्या तसंच."

तात्यांनी मान डोलावली आणि विषय संपला. झालं! मी नांदायला आले शेंद्र्यात, पण कागदावर राहिले माहेरच्याच नावाने. काकांना बिचाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता.

काम मात्र मी सासरचं सगळं केलं. लग्नाचे आहेर वाहिले, बाळंतिणी नेल्या, लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याच्या गोण्या डिकीत कोंबून नेल्या. माझी किल्ली ओसरीतल्या खुंटीवर असायची. ज्याला वाटेल त्याने काढावी आणि मला पिटाळावं. पेट्रोल कुणी टाकायचं यावर भांडणं व्हायची, पण मला पुसायचं कुणी यावर कधी झालं नाही, कारण पुसायचं कुणाच्या मनातच नव्हतं. गाडी सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, हे मी तिथे शिकले.

मग तनुजा माझ्याकडे आली. साहेबरावांची ही धाकटी लेक. तिला शहरातल्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला, पण सकाळची बस भरून यायची आणि तिला न घेताच निघून जायची. प्रॅक्टिकल बुडायला लागली. पोरगी गप्प बसली नाही. ड्रायव्हिंग शिकली, परीक्षा दिली, लायसन आणलं आणि बादली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिने माझ्या काचा वर्तमानपत्राने चकचकीत केल्या. मी किती वर्षांनी आभाळ नीट पाहिलं! त्यानंतर जालना रोडवर कंटेनरांच्या आणि कंपनीच्या बसांच्या गर्दीतून आम्ही दोघी रोज कॉलेजला जाऊ लागलो. तिचा हात ठाम होता. मी तिच्यावर जीव टाकला, हे उघड सांगायला मला लाज वाटत नाही.

आणि तिथेच माशी शिंकली. मांगीरबाबाच्या जत्रेच्या दिवसांत तात्यांच्या पोराने, शिवमने, खुंटीवरची किल्ली काढली. त्याच्याकडे लायसन नव्हतं, पण मागे बसलेले चार दोस्त होते आणि गाण्यांचा आवाज होता. केंब्रिज चौकात त्याने मला कांद्याच्या टेम्पोवर नेऊन आदळलं. माझा बंपर फाटला, एक दिवा फुटला, नाक आत गेलं. टेम्पोवाला कडुबा खाली उतरला, आपला टेम्पो निरखून म्हणाला, "माह्या गाडीला काय नाय झालं बाबा. तुमचंच नाक कापलं!" आणि हसत निघून गेला.

त्या संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. मी समोरच अंगणात उभी होते, सगळं ऐकत होते.

"क्लेम मिळंल," कचरूमामा म्हणाला. "फकस्त शिवमचं नाव कुठं येऊ द्यायचं नाय. मालक कागदावर श्रीधरकाका हायेत. त्यांनी सही करायची, की गाडी मीच चालवत व्हतो."

"ते करतील?" साहेबरावांनी विचारलं.

"तनुजाला धाडा. शिकलेली पोरगी, गोड बोलंल. सोबत इमरतीचा डबा द्या."

तनुजा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "तात्या, त्यापेक्षा गाडी माझ्या नावावर करा ना. मी रोज चालवते. विमाबी माझ्याच नावानं काढू."

ओसरी हसली. तात्या सगळ्यात मोठ्याने हसले. "कॉलेजच्या पोरीच्या नावावर? अगं, तरण्या पोरांचा विमा कंपनीवाले तिप्पट लावतात! परवडंल का तुझ्या बापाला? म्हाताऱ्याची सही आण, क्लेम मिळू दे, मग गाडी चालव खुशाल. नाय आणली, तर हे भंगार इकून टाकतो अन् तू बस घरी. लई झालं शिक्षण."

म्हणजे एका खोट्या सहीवर माझा जीव आणि तिचं कॉलेज, दोन्ही टांगून ठेवलं. मित्रांनो, माझ्या इंजिनात त्या वेळी पेट्रोल नव्हतं, नाहीतर मी आपोआप पेटले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुलमंडीला गेलो. माझा बंपर तारेने बांधलेला, सीटवर इमरतीचा डबा. गल्लीत माझी चाहूल लागताच काका काठी टेकत खाली आले. त्यांनी मला ओळखलं. माझ्या फुटक्या नाकावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. मला रडू आलं, पण गाड्यांना रडता येत नाही, म्हणून नुसतं रेडिएटरमधून थोडं पाणी गळलं.

तनुजाने डबा पुढे केलाच नाही. ती एका दमात सगळं बोलून गेली. नाव कधी बदललंच नाही, घरचे काकांच्या नावावरची सूट ओढत राहिले, शिवमकडे लायसन नाही, आणि आता काकांनी खोटं लिहून द्यावं म्हणून तिला पाठवलंय.

काकांनी काठी जमिनीवर आपटली. "म्हणजे आजवर ही माझ्याच नावावर आहे? आणि कुणी चाकाखाली आलं असतं तर? पोलीस माझ्या दारात आले असते! या वयात मी कोर्टाच्या पायऱ्या चढलो असतो! हीच का तुमची शेंद्र्याची रीत?"

"चुकलं काका. लई चुकलं," तनुजा म्हणाली. पण तिने मान खाली घातली नाही. "मला सही पाहिजे, पण त्या कागदावर नाय. गाडी माझ्या नावावर करायची, त्याच्यावर."

काकांचा राग हळूहळू उतरला. ते मवाळ होऊन म्हणाले, "पोरी, तू खरं बोललीस, म्हणून सांगतो. नाव बदललंस तर माझी सूट तुला मिळणार नाही. ती माणसाची असते, गाडीची नसते. तुझं शिक्षण होईपर्यंत राहू दे माझं नाव. स्वस्तात भागेल. माझी हरकत नाही."

मला वाटलं, घेईल. मीही म्हणत होते, घे गं बाई! भला माणूस आपणहून देतोय, वर तिला कॉलेजला जायचंय. पण तनुजा माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

"काका, ती सूट तुमच्या हाताची हाय. माझा हात येगळा," ती म्हणाली. "अन् गाडी चालवताना उद्या मला काय झालं, तर मालकाला मिळतो तो अपघात विमा तुमच्या नावानं. मग मी कोण? मला स्वस्त पाहिजे, व्हय. पण ते माझं पाहिजे."

काकांनी खिसे चाचपले. मग त्यांनी वर हाक मारली, "पद्मजा, माझा चष्मा टाक खाली, आणि पेन!" नव्या कागदांवर त्यांनी माझ्या बोनेटवरच सह्या केल्या. पेनाचा दाब मला जाणवत होता. इमरतीचा डबा मात्र काकूंनी ठेवून घेतला. गोडाचा काय दोष, म्हणाल्या.

पुढचे दिवस म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. माझं तर नाकच फुटलेलं, तेव्हा म्हण मला शोभलीच. एका खिडकीवर फोटो, दुसऱ्या खिडकीवर शिक्का, तिसरीवर जेवणाची सुट्टी. तनुजा कॉलेज सुटलं की रांगेत उभी राहायची. मधल्या वेळात तिने शहरातल्या विमा कचेऱ्या पालथ्या घातल्या. आत काय घडलं ते मला कळलं, कारण एका संध्याकाळी वसाहतीतल्या कंपनीच्या गेटवरून साहेबरावांना घेतल्यावर तिने मला लिंबाखाली उभं केलं आणि त्यांना सगळं सांगितलं.

"बाबा, आपल्याला येड्यात काढलं व्हतं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या नुकसानीचा जो सक्तीचा विमा असतो ना, त्याचा दर सरकारी हाय. इंजिन केवढं ते बघतात. वैदेही म्हणून एक ताई हायेत काउंटरवर, त्या म्हणाल्या, तुझं वय आम्ही इचारतच नाय. फकस्त लायसन पक्कं पाहिजे."

"अन् आपल्या गाडीचं नुकसान?"

"त्याचा दर प्रत्येक कंपनीचा येगळा, म्हणून तर फिरले. गाडी जुनी, किंमत कमी, म्हणून हप्ताबी कमी. सूट नाय मिळणार, पहिलंच वरीस हाय माझं. पण बारीकसारीक खर्च मीच सोसीन असं लिहून दिलं की अजून उतरतं. विम्याला जोडलेली नको ती जादा कलमं काढून टाकली. तात्या म्हणत व्हते तसं तिप्पट तर नायच, दुप्पटबी नाय."

साहेबराव आयुष्यभर थोरल्या भावापुढे मान खाली घालून वागलेले. ते डब्याच्या पिशवीशी चाळा करत ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "भर. माझ्या पोरीच्या नावानं भर. दादाला काय सांगायचं ते मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, कारण त्या दिवशी ओसरीवर कुणी ओरडलंच नाही. क्लेम कुणी मागितला नाही. कचरूमामाने चहाला येणं सोडलं. किल्ली तनुजाच्या पिशवीत गेली. माझा बंपर अख्खा उन्हाळा तारेवर राहिला. गावातली पोरं "नकटी आली, नकटी आली" म्हणून मागे धावायची. मी खोकत्या हॉर्नने त्यांना उत्तर द्यायची. नकटी तर नकटी, पण माझ्या कागदावर आता खरं नाव होतं.

परवा लासूर स्टेशनला लग्न होतं आणि तात्यांची ठरवलेली जीप ऐन वेळी आली नाही. तात्या अंगणात आले, दुसरीकडे बघत म्हणाले, "तनुजा, किल्ली दे."

"किल्ली नाय तात्या. गाडी येईल, पण मी चालवीन."

तात्यांनी फेटा सारखा केला. काही बोलणार, तोवर त्यांच्या कारभारीण मनकर्णाबाई नऊवारी सावरत पुढच्या सीटवर बसूनही गेल्या होत्या. तात्या मुकाट मागे बसले.

तनुजा म्हणाली, "तात्या, पट्टा."

"मागं कुणी पट्टा लावतंय व्हय!"

तनुजाने इंजिन बंद केलं. किल्ली काढून मुठीत घेतली. अंगणात सगळी माणसं उभी. शेवटी मनकर्णाबाई वळून म्हणाल्या, "लावा की हो. गाडी तिची हाय." मागून खट्ट आवाज आला, आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तू हात जोडतात आणि आमची काळजी घ्या म्हणून विनवतात. मी विनवणार नाही, मी बजावते. मला धुवा, पुसा, माझं तेलपाणी वेळेवर बघा, ते तर करायलाच हवं. पण जो मला चालवतो त्याचंच नाव माझ्या कागदावर असू द्या, आणि ते खरं असू द्या. आणि उद्या कुणी हसून म्हणालं, की तुमच्या वयाला हे परवडणार नाही, तर त्याला एवढंच विचारा, "तुम्ही स्वतः जाऊन विचारलं होतं का?"

आता समोरून बाजूला व्हा बघू. तनुजाचं प्रॅक्टिकल आहे, आणि आम्हाला उशीर करायचा नाही.