लिंबाखालची करुणा

केजच्या आमच्या चर्चमध्ये शिरलं की उजवीकडे पुरुष बसतात आणि डावीकडे बाया. नवरा-बायको एकाच मोटारसायकलवर दारापर्यंत येतात आणि दारात एकमेकांची ओळख विसरून दोन बाजूंना जातात. असं कधीपासून आहे हे कुणाला माहीत नाही. त्यामुळे ते पवित्र आहे.

डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला, साखराबाई चाळीस वर्षं बसत आल्यात. गेल्या वर्षी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. डोळे गेल्याचं कळल्यावर त्यांचं एकुलतं एक लेकरू पुण्याहून कायमचं परत आलं. सहा वर्षांपूर्वी गेलं तेव्हा त्याचं नाव पवन होतं. आलं तेव्हा मनिषा. अंगावर अबोली रंगाची साडी, खांद्याला बॅग आणि बॅगेत आईच्या डोळ्यांचे थेंब.

गल्ली साखराबाईंच्या तोंडाकडं बघत होती, आता ही काय म्हणते म्हणून. साखराबाईंनी मनिषाचा हात चाचपला आणि म्हणाल्या, "हात तसाच गार हाय. जेवलीस का?"

गल्लीची फार निराशा झाली.

पुढच्या रविवारी मनिषानं आईला हाताला धरून आणलं, तिसऱ्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसली. त्याच बाकावरच्या पाच बाया एकदम उठल्या. एवढ्या एकोप्यानं त्या गाण्यालासुद्धा उठत नाहीत. महिला मंडळाच्या अध्यक्ष छबुबाई पुढं आल्या.

"हे बघ, मला काय प्रॉब्लेम न्हाई. माझ्या मनात करुणाच हाय. पण हितं बाया बसतात."

"मी पण तेच बघून बसले, काकू," मनिषा म्हणाली.

उजवीकडून आश्रुबा साळवे उठले. हे आमच्या चर्चचे मुख्य पंच, निवृत्त तलाठी. अजूनही माणसाकडं असं बघतात की जणू त्याचा सातबारा सापडत नाहीय. मनिषा काही बोलायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "आन हिकडं पुरुषांत साडी चालत न्हाई."

"मग छताला लटकू का, काका?"

आश्रुबांनी खरंच छताकडं पाहिलं. छत पत्र्याचं आहे, वजन घेत नाही.

त्या दिवशी मनिषा दाराबाहेर चपलांपाशी उभी राहिली. साखराबाई आत एकट्या. कधी उठायचं आणि कधी बसायचं हे कळायला त्यांना कुणीतरी शेजारी हवं. छबुबाईंनी ती सेवा आपणहून पत्करली. म्हणजे उठायची वेळ आली की शेजारून साखराबाईंच्या बरगडीत कोपर मारायचं. तीन आठवड्यांत साखराबाईंची उजवी बाजू हिरवीनिळी झाली.

आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्या पडल्या. पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं. आधी सगळे पुरुष पुढं जाऊन गुडघे टेकतात, भाकर आणि द्राक्षरस घेतात, मग बाया. साखराबाई चाचपत निघाल्या, पुढची पायरी त्यांना सापडली नाही, पडता पडता त्यांचा हात ताटाला लागला आणि द्राक्षरसाचे पेले पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्यावर. पाळकसाहेब मायेनं म्हणाले, "काही हरकत नाही," आणि झग्याकडं बघत राहिले.

साखराबाई जमिनीवर बसल्या बसल्याच बोलल्या. आवाज असा की दारातल्या मनिषालाही ऐकू जावा.

"आता माझ्या लेकरानं हात धरून नेलं तरच मी प्रभुभोजनाला उठंन. न्हाई तर बाकावरच बसून मरंन."

त्याच संध्याकाळी पंचांची बैठक भरली. विषय: साखराबाईंची सोय. पाच पंच होते, चहा दोनदा झाला. सुरुवातीलाच सर्वांनी एकमतानं मान्य केलं की आपल्याला मनिषाबद्दल करुणा आहे. एवढं एकमत जमल्यावर पुढं काय करायचं हा प्रश्न आला आणि सगळे पंख्याकडं बघू लागले.

"येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला होता," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"हात लावला साहेब," आश्रुबा म्हणाले, "बाकावर शेजारी बसवल्याचं कुठं लिवलंय?"

पाळकसाहेबांना कुठं लिहिलंय ते चटकन आठवेना. त्यांची बदली पंचांच्या शिफारशीवर असते, त्यामुळे त्यांना बऱ्याच गोष्टी चटकन आठवत नाहीत.

शेवटी करुणा उपसमिती नेमली गेली. उपसमिती दुसऱ्या दिवशी साखराबाईंच्या घरी गेली आणि मनिषाला एक डझन केळी आणि एक घोंगडी देऊन आली. एप्रिल महिना, पारा बेचाळीसवर. मनिषानं घोंगडी उलगडून पाहिली, घडी घातली आणि विचारलं, "हे पांघरून बसले तर आत घेताल का?"

उपसमितीनं हा मुद्दा बैठकीत ठेवू असं सांगितलं.

मग तोडगा निघाला. चर्चच्या दाराबाहेर कडुलिंबाचं मोठं झाड आहे. त्याच्या बुडाशी मनिषासाठी प्लास्टिकची एक खुर्ची ठेवायची आणि आतला आवाज ऐकू यावा म्हणून फांदीला एक स्पीकर टांगायचा. ठराव वाचून दाखवताना आश्रुबांनी दोनदा चष्मा काढून पुसला. स्वतःच्या दयेनं माणूस असा हलतो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. एका गोऱ्या पाद्र्यानं त्यांना आपल्या सतरंजीवर शेजारी बसवलं, म्हणून ते ख्रिस्ती झाले. तेव्हा कुणाला बाहेर कसं बसवायचं हे आम्हाला कुठं शिकायला जावं लागलं नाही. घरचंच ज्ञान आहे.

मनिषा म्हणाली, "मम्मी, तू पण बाहेर चल. झाडाखाली बसू दोघी."

"मी कावून उठू?" साखराबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षाचा बाक हाय. मी काय केलंय? आन तू तरी काय केलंयस? आपल्यापैकी एकजण आत पायजे. म्हणजे दुसऱ्याला यायला जागा राहती."

मेचा पहिला रविवार आला. साखराबाई बाकावरून उठल्या नाहीत. प्रभुभोजन त्यांच्यावाचून झालं. छबुबाईंनी कोपर मारून पाहिलं. साखराबाईंनी ते कोपर हातात पकडलं आणि भजन संपेपर्यंत सोडलं नाही.

आणि मग ऊन वाढलं. पत्र्याखाली माणूस पापडासारखा भाजायला लागला. लाईट बरोबर उपदेशाच्या वेळी जायची, पंखे थांबायचे, माईक तेवढा बॅटरीवर चालायचा. आत सगळे घामानं निथळत असताना बाहेर मनिषा लिंबाच्या गार सावलीत, पदर वाऱ्यावर सोडून, स्पीकरमधून तोच उपदेश ऐकत बसलेली दिसायची. खिडकीतून ते सगळ्यांना दिसायचं. असं दृश्य बघून श्रद्धा डळमळते.

पहिले उठले छबुबाईंचे यजमान सिदूकाका. मेच्या दुसऱ्या रविवारी ते एक खुर्ची घेऊन बाहेर गेले. छबुबाईंनी डोळे वटारले तर म्हणाले, "बिचारी एकटी बसती. सोबत नको का कुणी? करुणा म्हणून चाललोय."

पाच मिनिटांत शाळेतल्या रूपाली मॅडम आपल्या दोन पोरांना घेऊन करुणा म्हणून गेल्या. मग बाळू रिक्षावाला. मग भजनाची ढोलकी. छबुबाई म्हणाल्या, "आमाला काय करुणा न्हाई का?" आणि महिला मंडळ सतरंजीसकट उठलं. तिसऱ्या रविवारी करुणेला खुर्च्या पुरेनात. लोक सकाळी आठलाच येऊन रुमाल टाकून जागा धरू लागले. सोबत द्यायला आलेल्या माणसांपैकी मनिषाशी कुणी बोलायचं नाही. फक्त बाळूनं एकदा विचारलं, "ताई, खुर्ची जराशी तिकडं सरकवता का?"

पाळकसाहेबांचा चौथरा सिमेंटचा. तो हलेना. ते आतूनच माईकवर उपदेश करायचे, समोर एकट्या साखराबाई. एकदा त्यांनी खिडकीबाहेर पाहून सद्गदित होऊन सांगितलं, "एका वेगळ्या लेकरासाठी सगळी मंडळी उन्हात बाहेर बसते, असं प्रेम मी उभ्या जिल्ह्यात पाहिलं नाही." बाहेर सावलीतून मोठा 'आमेन' आला.

अडचण एकच झाली. बाहेर बाया आणि पुरुष मिसळून बसू लागले. रूपाली मॅडम चक्क आपल्या नवऱ्याशेजारी बसलेल्या आढळल्या. जूनच्या पहिल्या रविवारी आराधनेआधी पंचांनी लिंबाखालीच उभ्या उभ्या तातडीची बैठक घेतली. खोडापासून फाटकापर्यंत चुन्याची रेघ मारली. उजवीकडे पुरुष, डावीकडे बाया. रेघ ओढत ओढत आश्रुबा खोडाजवळ आले आणि थांबले. रेघेवर बरोबर मनिषाची खुर्ची होती. सगळ्यात दाट सावली तिथंच पडते.

"हिचं काय करायचं?" सिदूकाकांनी विचारलं.

आश्रुबांनी खुर्चीकडं पाहिलं, सावलीकडं पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मनिषा, बेटा, हितं तुझ्यामुळं रेघ मोडती. तू असं कर, आत जाऊन बस."

"आत? कुठं?"

"बस की कुठं पण. आख्खं चर्च मोकळं हाय."

"बायांच्या बाजूला बसू?"

"आता आत बाजूच कुठं राहिलीय? बाजू हितं आल्या," आश्रुबा म्हणाले आणि ती उठायच्या आतच त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात घातला.

मनिषानं चपला दारात काढल्या आणि आत गेली. तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसली. साखराबाई भिंतीकडं अजून थोडं सरकल्या.

मग प्रभुभोजनाची वेळ आली. पाळकसाहेबांनी माईकवर पुरुषांना पुढं बोलावलं. कुणी आलं नाही. जो उठेल त्याची सावली जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाळू बाहेरून ओरडला, "साहेब, तुमीच ताट घिऊन बाहेर या ना!"

"आधी देवाच्या घरात असलेल्यांना, मग बाहेर," पाळकसाहेब म्हणाले. असा त्यांचा नियम आहे. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घरात कोण आहे.

तोवर मनिषा उठली होती. तिनं आईच्या कोपराखाली हात घातला आणि दोघी मधल्या वाटेनं हळूहळू पुढं आल्या. "आता पायरी, मम्मी. अजून एक." दोघींनी शेजारी शेजारी गुडघे टेकले आणि दोन ओंजळी पुढं आल्या.

पाळकसाहेबांच्या हातात भाकर होती. त्यांनी सवयीनं खिडकीतून आश्रुबांकडं पाहिलं, होकार की नकार ते कळावं म्हणून. आश्रुबा त्या वेळी सिदूकाकांशी भांडत होते.

"ऊठ बे, खुर्ची माझी हाय!"

"तुझं नाव लिवलंय का तिच्यावर?"

"ठरावात लिवलंय!"

पाळकसाहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. आश्रुबांनी खुर्चीचा एक पाय धरला होता, सिदूकाकांनी दुसरा. इकडं बघायला कुणालाच सवड नव्हती. मग विचारायला कुणीच नाही म्हटल्यावर त्या भल्या माणसाला देण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. त्यांनी आधी साखराबाईंच्या हातावर भाकर ठेवली, मग मनिषाच्या.

साखराबाईंनी सावकाश चावून खाल्ली, पेला संपवला.

"बाकीचे कुठंयत गं?"

"बाहेर हायत, मम्मी. भांडायलेत."

"भांडू दे," साखराबाई म्हणाल्या, आणि उठण्यासाठी त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात टेकला. "चल, बाकावर बसू. मला लई वेळ गुडघ्यावर होत न्हाई."