चवीच्या वाफ्यातला पाहुणा

मुलं त्यांना बागबाई म्हणत. चाळीस वर्षं शाळेत शिकवून झाल्यावर घरात बसून भिंतींना धडे द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी गॅरेजच्या मागची सामायिक बाग धरली. बाग एकवीस घरांची. वाफा ज्याचा त्याचा, नळ मात्र एकच, त्यामुळे भांडणंही सामायिक. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई तिथे मुलांचा वर्ग घेत, आणि सुट्टी संपत आली की एका रविवारी आईबापांना बोलावून मुलांकडूनच सगळी बाग दाखवत.

वर्गाचे नियम थोडे, पण पक्के होते. न विचारता पान खुडलं तर आठवडाभर झारी बंद. कुंपणाजवळ एक लांबट ‘चवीचा वाफा’ होता: पुदिना, आंबटचुका, पालक, ओवा. बाईंनी हो म्हटलं की तिथे डोळे मिटून पान चघळायचं आणि चवीवरून नाव ओळखायचं. आणि कुठेही अनोळखी रोप उगवलं तर ते उपटायचं नाही. शेजारी आइस्क्रीमची काडी रोवायची, काडीवर ‘पाहुणा’ लिहायचं, मग पुढच्या वर्गात बाई त्याचं नाव सांगणार.

गुरुवारी चवीच्या वाफ्यात अशी एक काडी उभी राहिली होती. ती रोवणारी मुलगी सात वर्षांची. तिच्या तोंडाला खळ नसे म्हणून तिला सगळे टकळी म्हणत. "बाई, पाहुणा आलाय, पाहुणा!" ती केवढ्यानं ओरडली होती. पण बाई रविवारच्या तयारीत गळ्यापर्यंत बुडालेल्या. खुर्च्या कुठून आणायच्या, सावलीची जाळी कोण बांधणार. "रविवारी बघू गं," त्या म्हणाल्या आणि विसरून गेल्या.

रविवारी साडेदहालाच ऊन डोक्यावर चढलं होतं. सरबत पिऊन मंडळी निघाली. पुढे बाई, मागे टोप्या घातलेले आईबाप, मध्येमध्ये अकरा मुलं. चवीच्या वाफ्यापाशी बाई थांबल्या आणि त्यांचं नेहमीचं वाक्य त्यांनी झोकात टाकलं, "या वाफ्यातलं काहीही खा. पोट दुखलं तर माझं नाव सांगा!"

लोक हसले. बाईंची नजर काडीवर गेली.

पालकाच्या आडोशाला वीतभर रोप होतं. रुंद, दंतुर कडांची पानं, जांभळट देठ. बाईंनी खाली वाकून एक पान बोटांनी चुरडलं. तो उग्र वास आला. धोतरा! एक पान अर्धं चावलेलं होतं. आणखी दोन देठ नुसतेच उभे होते, त्यांची पानं गायब. तुटलेल्या जागा अजून ओल्या होत्या.

"माळीकाका," बाईंनी हलक्या आवाजात हाक मारली, "हे कुठून आलं?"

"नव्या खतातून आलं असेल," माळीकाका टोपी मागे सारत म्हणाले. "मला वाटलं तुम्हीच लावलंय. पोरं रोज पाणी घालत होती की."

खरंच की. चवीच्या वाफ्यातलं सगळं खायचं असतं, हे त्यांनीच शिकवलं होतं. आत्ता, या क्षणीसुद्धा, त्या तेच बोलल्या होत्या.

त्यांनी मुलांना ओळीत उभं केलं. "हे पान कोणी खाल्लं? मी रागावणार नाही."

अकराही जण एकमेकांकडे बघू लागले.

"दात दाखवा बरं." चाव्याच्या मधोमध पानाची एक पट्टी तशीच राहिली होती, म्हणजे खाणाऱ्याचा पुढचा दात पडलेला. बाई भराभर ओळीतून फिरल्या. सहा जणांचे दात पडलेले! एकाचे तर चार. "माझा काल पडला, बाई," तो अभिमानानं म्हणाला.

मग त्या चेहरे पाहू लागल्या. धोतरा पोटात गेला की तोंड कोरडं पडतं, गाल लाल होतात, अंग तापतं. आणि समोर अकरा लाल चेहरे होते, अकरा कोरडे ओठ. "बाई, तहान लागलीये," तिघं एकदम म्हणाली. उन्हानं सगळ्याच मुलांना विष बाधल्यासारखं करून ठेवलं होतं. आता त्यांनी एकेकाची हनुवटी उचलून डोळ्यांत पाहायला सुरुवात केली. उन्हात बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी व्हायला हवी. ज्याची होणार नाही, ते मूल.

पहिलं बरं. दुसरं बरं. पाचवं, आठवं. अकरावंही बरं.

"अहो बाई, झालंय तरी काय?" एका बापानं विचारलं.

लपवण्यात अर्थ नव्हता. बाई सगळ्यांकडे वळल्या. आवाज कापत होता, तो त्यांनी तसाच कापू दिला. "या वाफ्यात विषारी रोप उगवलंय आणि कुणीतरी त्याची पानं खाल्लीत. गुरुवारी मुलांनी मला दाखवलं होतं. मी पाहिलं नाही. चूक मुलांची नाही, माझी आहे. झारी कुणाचीही बंद होणार नाही. पण मला आत्ता, या मिनिटाला कळायला हवं."

आईबापांत एकच गलका उडाला. जो तो आपल्या मुलाला ओढून तोंड उघडायला लावू लागला. आणि त्या गलक्यात बाईंच्या लक्षात आलं, की सरबत झाल्यापासून टकळीचा आवाज ऐकलेला नाही.

ती नळाशी उभी होती, झारी दोन्ही हातांनी छातीशी धरून. बाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या.

"चव कशी होती गं?"

टकळीचे ओठ थरथरले. "कडू. मला तुमच्याआधी नाव ओळखायचं होतं. मी थुंकलं, बाई. देवाशप्पथ थुंकलं."

"शहाणी माझी. आणि बाकीची दोन पानं?"

टकळीनं मान खाली घातली. "मुंगीनं खाल्ली. मी करते ते सगळं ती करते. ती थुंकत नाही."

मुंगी म्हणजे तिची तीन वर्षांची बहीण. ती वर्गात नव्हतीच, म्हणून ओळीतही नव्हती. ताईच्या मागे मागे फिरायची, म्हणून मुंगी.

"कधी खाल्ली?"

"सरबत द्यायच्या आधी."

म्हणजे पाऊण तास झाला होता. बाई धावल्या. गुडघे धरल्यापासून पहिल्यांदाच. जाळीखालच्या बाकावर मुंगी आईच्या मांडीवर आडवी पडली होती.

"उन्हानं लाल झालीये नुसती," आई म्हणाली. "मघापासून पेंगतेय, मध्येच दचकतेय."

बाईंनी मुंगीचं तोंड उजेडाकडे केलं. डोळ्यांत रंग उरलाच नव्हता. नुसत्या काळ्या, वाटोळ्या, उघड्या बाहुल्या. ती बाईंकडे पाहत होती, पण बाई तिला दिसत नव्हत्या.

"मीठपाणी पाजा, उलटी काढू," माळीकाका म्हणाले.

"काही पाजायचं नाही! अर्धवट शुद्धीत घशात अडकेल." बाईंनी परत वाफ्याशी जाऊन ते रोप मुळासकट उपटलं आणि ओढणीच्या पदरात बांधलं. "गाडी! गाडी कुणाची आहे?"

कुंपणापलीकडून गॅरेजवाला ओरडला, "माझ्याकडे दुरुस्तीची आहे, बसा!"

"ब्रेक आहेत का तिला?"

"ब्रेकच दुरुस्त केलेत, बाई. बसा आता!"

वाटेत आईनं मुंगीला छातीशी धरलं होतं. टकळी बाईंना चिकटून बसली होती. मुंगीचं हृदय पातळ फ्रॉकखाली इतकं धडधडत होतं, की बाईंना ते शेजारून दिसत होतं. प्रत्येक सिग्नलला त्यांचा जीव टांगणीला लागत होता.

"काय झालं?" दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. बाईंनी पदराची गाठ सोडून ते रोप टेबलावर ठेवलं. "हिनं याची दोन पानं खाल्लीत. तासाभरापूर्वी. वजन अंदाजे तेरा किलो."

डॉक्टरीणबाईंनी पान उलटून पाहिलं. "हे आणलंत ते फार बरं केलंत. नाहीतर ऊन लागलंय असं धरून बसलो असतो." आणि पडदा ओढला गेला.

बाहेर बाकावर आई म्हणाली, "माझ्यासमोर बसू नका." बाई उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पडद्याच्या फटीतून त्यांना मुंगी दिसत होती. ती हवेत काहीतरी खुडत होती. चिमटीनं, अगदी हलक्या हातानं, देठापासून, बाईंनीच मुलांना शिकवलं होतं तसं. खुडायची आणि कुणालातरी द्यायची. तिथे कुणीच नव्हतं.

टकळी येऊन त्यांच्या बोटाला लोंबकळली. "बाई, ती मरणार आहे का?"

मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा बाईंचा स्वतःसाठीचा नियम. "मला माहीत नाही, बाळा. पण तू सांगितलंस, म्हणून डॉक्टरांना वेळेवर कळलं. ते मला माहीत आहे."

दुपार टळली. सलाईनची बाटली बदलली. मुंगीनं एकदा नर्सला बोचकारलं, एकदा मोठ्यानं हसली. ते हसू ऐकून आईनं कानांवर हात ठेवले. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्या मनातल्या मनात मुंगीचे श्वास मोजत होत्या. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

पाचच्या सुमाराला खुडणारा हात थांबला. त्यांनी फट थोडी मोठी केली. डॉक्टरीणबाई नाडी धरून उभ्या होत्या. मग त्यांनी हात हळूच चादरीवर ठेवला आणि दाराकडे मान वळवली. "ठोके उतरताहेत. रात्रभर इथेच ठेवू. डोळ्यांना अजून एकदोन दिवस अंधुक दिसेल."

आतून एक चिरका, चिडका आवाज आला. "ताई कुठेय? ताई, पाणी!"

टकळी बाईंचं बोट सोडून आत पळाली. तिच्यामागून आई. दारातून जाताना आईनं बाईंकडे पाहिलं नाही, पण दार उघडंच राहू दिलं.

"अगं, पाणी लगेच नाही द्यायचं, आधी डॉक्टरांना विचारायचं असतं, आणि तू आता माझं बघून काहीही करायचं नाहीस, ऐकलंस का, काहीही!" टकळी सुरू झाली होती.

बाईंनी भिंतीला पाठ टेकली. मग त्या हळूहळू घसरत तिथेच, उघड्या दाराशी, खाली बसल्या.