एकतीस आणि एक

समुद्राला खेटून जाणाऱ्या त्या रुळांवर दोन गस्तवाले होते, नात्याने दाजी-मेहुणे. नियम असा, की एक्सप्रेस येण्याआधी दोघांनी आपापल्या टोकाकडून रूळ बघत यायचं आणि मधल्या कड्यापाशी भेटून पितळी बिल्ले बदलायचे. दुसऱ्याचा बिल्ला खिशात म्हणजे गस्त झाली. नियम करणाऱ्याने सगळा विचार केला होता. फक्त हे दोघे एकाच घरात जेवतील, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

मेहुण्याची इथे बदली होऊन चारच आठवडे झाले होते. बिल्ले सकाळच्या चहावरच बदलले जात. पण दाजी अगदीच बेइमान नव्हता. लबाडीलाही त्याने शिस्त लावली: विषम तारखेला सगळा रूळ आपण चालायचा, सम तारखेला मेहुण्याने.

आज दाजी आपल्या टोकाच्या खोपटात पाय पसरून बसला होता. काल आपण चाललो, आज मेहुणा. रात्री समुद्र चवताळला होता खरा, पण ते त्याने बघितलंच असणार. चार दहाच्या एक्सप्रेसने, तिसऱ्या डब्यातून, लेक येत होती. दोन वर्षांनी.

पावणेचारला मेहुणा सायकलवरून आला, केस विंचरून.

"चला दाजी, भाचीला उतरवून घ्यायला."

"रूळ कसा आहे?"

"मला काय विचारता? तुमची पाळी."

"माझी? काल मीच तंगडतोड केली की!"

"काल एकतीस होती. आज एक. दोन्ही विषम, दाजी."

दाजीने बोटांवर मोजलं. उत्तर बदललं नाही.

त्याने लाल झेंडा ओढून काढला. मेहुण्याने दंड धरला. "गाडी थांबवलीत तर कारण विचारतील. दोघांच्या पोटावर पाय येईल! रूळ काय आज पळून जाणार आहे?"

"तुझी लेक असती गाडीत, तर?"

हात सुटला. दाजी स्लीपरांवरून कड्याकडे धावत सुटला. वळणावर इंजिन दिसलं, तसा झेंडा जिवाच्या आकांताने हलवला. चाकं किंचाळली. इंजिन त्याच्यापासून चार हातांवर थांबलं.

दाजीचा जीव भांड्यात पडला. गाडीच्या कडेकडेने तो तिसऱ्या डब्याकडे निघाला. दुसऱ्या डब्यापाशी पायाखालची खडी संपली. रात्रीच्या लाटांनी भराव खालून पोखरून नेला होता. स्लीपरांच्या फटींतून पाणी चमकत होतं. धावती गाडी कदाचित निघूनही गेली असती. आता सगळं ओझं तिथेच उभं होतं.

"बाबा!" लेक दारात हसत उभी होती. "इतक्या लांब न्यायला आलात? थांबा, उतरते."

'उतर' म्हणावं की 'हलू नकोस', त्याला कळेना. डब्याखालून एक दगड सुटला, मग दोन. आणि हसता हसता लेकीने दाराची दांडी घट्ट धरली, कारण डबा अगदी हळू समुद्राकडे झुकला होता.