पिंपळवंडीहून निघालेली कोठी

मी एक जुनी, धान्य साठवायची पत्र्याची कोठी आहे. मित्रांनो, आता धान्य पिशवीतून येते, म्हणून तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलेही नसेल. जुन्नरच्या एका कारागिराने मला ठोकून घडवले आणि बैलगाडीतून मी पिंपळवंडीला बाळाबाईच्या घरी आले. ती तेव्हा नवी नवरी होती. मला उतरवायला सगळी आळी धावली. शेजारचा गेणू दारात अडकून ओरडला, "ही नवरी लई जाड हाय राव, चौकट मोडंल!" त्याची बायको साळुबाई पदर तोंडाला लावून हसली.

पुढे कित्येक वर्षे मी बाजरी सांभाळली. कडुनिंबाचा पाला घालून बाळाबाई माझे झाकण लावी. साळुबाईकडचे दाणे सुगीआधी संपले, की ती न विचारता माझ्यातून सूपभर घेऊन जाई. गेणू वारला, तेव्हा त्या घरची चूल पेटेपर्यंत माझ्याच बाजरीच्या भाकरी तिकडे गेल्या.

आमच्या आळीत कोणी घर हलवू लागले, की आधी दारोदार सांगून यायचे. मग प्रत्येक घरचे माणूस येई आणि सामानाला हात लावी. तोच निरोप असे. वेगळा निरोप कोणी घेत नसे.

गेल्या वर्षी बाळाबाईच्या मुलाने, भैरवनाथने, घोडेगावात फ्लॅट घेतला. बाळाबाई म्हणाली, "पिकप आण. आळीला सांगून येते."

"आई, समद्यांची टोमॅटोची तोडणी चाललीय. कुणाला कशाला तरास? माणसं सांगितलीत मी. तुला बी उचलाय लागायचं न्हाई."

त्याच्या मनात काही वाईट नव्हते. आलेली माणसेही चांगली होती. त्यांनी मला गोधडीत गुंडाळले आणि एक ओरखडा पडू दिला नाही. पण आळीतली दारे अर्धवट उघडून तशीच राहिली. साळुबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "न्या बाई, न्या. आमच्या हाताला काय काटं व्हतं?"

बाळाबाई तिच्याकडे वळली. तेवढ्यात भैरवनाथने हाक मारली, "आई, बस लवकर. गाडीला दुसरं भाडं हाय." ती गाडीत बसली.

घोडेगावात मी जिन्याच्या वळणावर अडकले, म्हणून मला खाली पार्किंगमध्ये ठेवले. दुपारी बाळाबाई खुर्ची घेऊन माझ्याशेजारी येऊन बसे. साळुबाईला फोन लावला, की पलीकडून "कामात हाय" एवढेच ऐकू येई.

परवा पिंपळवंडीची एक भाजीवाली भेटली. "बाळाबाई, साळुबाईच्या आरोहीच्या लग्नात तुमी दिसल्या न्हाई?"

"गुडघं लई दुखत व्हतं गं," बाळाबाई म्हणाली.

आरोही म्हणजे साळुबाईची नात, बाळाबाईच्या मांडीवर वाढलेली पोर. लग्नाची पत्रिका आली नव्हती. भाजीवाली गेल्यावर बाळाबाईने माझे झाकण काढले, माझ्या रिकाम्या पोटात डोके घातले आणि ती रडली. पत्र्यात तिचा आवाज घुमला. वर कोणाला ऐकू गेला नाही.

संध्याकाळी भैरवनाथ म्हणाला, "आई, भंगारवाला कोठी मागतोय. देऊ का?"

तिने बराच वेळ माझ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "दे."

मित्रांनो, उद्या तो मला न्यायला येईल. तुम्ही घर बदलाल तेव्हा ओझी उचलायला माणसे जरूर लावा, त्यात कमीपणा नाही. पण आधी शेजारच्या दारी जा. एखादी उशी, एखादी कळशी तरी त्यांच्या हाती द्या. त्यांना काम असेल तर ते तसे सांगतील, तुम्हीच ठरवू नका.

आणि तुमच्यापैकी कोणी पिंपळवंडीला जाणार असेल, तर साळुबाईला एवढे सांगा, की बाळाबाई त्या दिवशी तिच्याच दाराकडे निघाली होती.