डोमाजीभाऊंची दुसरी शोकसभा

डोमाजीभाऊ पहिल्यांदा वारले ते माझ्यामुळे.

आमच्या यवतमाळच्या कॉलेजात ते ग्रंथालयाचे शिपाई. खेड्यातून आलेल्या पोराला कोणतं पुस्तक लागेल, हे प्राध्यापकांच्या आधी त्यांना कळायचं. साठ साली त्यांना क्षय निघाला. वर्षभरानं नागपूरच्या दवाखान्यात हलवलं, तेव्हा पोरांनी मला भेटायला पाठवलं. पाहतो तर त्यांच्या खाटेवर कुणी तोंडावरून चादर ओढून निपचित पडलेलं. चादर उचलायची हिंमत झाली नाही, अन् सोबत नेलेली संत्री परत आणणं बरं दिसेना. उशाशी ठेवली, हात जोडले, एस.टी. धरली.

दुसऱ्या दिवशी शोकसभा, अर्धी सुटी. ठराव मी लिहिला, कारण अक्षर माझं चांगलं. शेवटी नेहमीचंच वाक्य, 'ईश्वर त्यांना वैकुंठात चिरस्थान देवो.' नक्कल त्यांच्या दाराच्या फटीत खोचली.

सहाव्या दिवशी डोमाजीभाऊ बायकोसोबत घरी आले. त्यांची खाट बदलली होती, अन् मी गेलो तेव्हा दोघं एक्सरे काढायला गेले होते.

मी माफी मागायला गेलो. त्यांनी मलाच ठराव वाचायला लावला. स्तुतीला मान हलवली, शेवटच्या ओळीवर हात वर केला.

"बबनराव, छप्पन साली आमी बुद्धाकडं आलो. अन् तू मले वापस वैकुंठात सोडून आला. तिथं कोन वळखते मले?"

मी हसलो. ते हसले नाहीत. खोकला थांबल्यावर म्हणाले, "पुढच्या बारीले सुधरव. मी कुठं गेलो ते लिहू नको. इथं होतो, एवढं लिही."

मी शब्द दिला. मार्चमध्ये ते खरंच गेले. या खेपेला मी चादर वर करून पाहिली. त्यांची बायको इंदूबाई म्हणाली, "पाहून घे बापा. आता खाट बदलली नाही."

मी दुसरी शोकसभा अन् नवा ठराव मागितला, तेव्हा प्राचार्यांना वाईट वाटलं. चष्मा दोनदा पुसला. पण एका माणसाची शोकसभा एकदाच होते, सुटीही देऊन झाली, अन् मंजूर ठराव बदलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ठरावांच्या रजिस्टरप्रमाणे डोमाजीभाऊ नोव्हेंबरातच वारले होते. मार्चमध्ये मरायला ते शिल्लकच नव्हते.

मी रजिस्टर काढलं, वैकुंठाची ओळ खोडली, वर लिहिलं, 'डोमाजी इथं होते.' अक्षर चांगलं, म्हणून लगेच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सगळं कॉलेज मैदानात उभं केलं. रजिस्टर खराब करणारा पुढं येईपर्यंत कुणी हलायचं नाही, अन् त्याला परीक्षेला बसू देणार नाही, असं प्राचार्यांनी सांगितलं. परीक्षा तीन आठवड्यांवर. आमच्या घाटंजीच्या बाजारात माझ्या बापानं सांगून-सांगून मला केव्हाच बी.ए. करून टाकलं होतं.

अक्षर सगळ्यांना ओळखू येत होतं. दोनशे पोरं माना खाली घालून उभी. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मग प्राध्यापकांच्याही माना खाली गेल्या. मागं कुणीतरी नाक ओढलं. प्राचार्य घड्याळ पाहत होते, पण हे थांबवायचं कसं ते त्यांना सुचेना.

मी हात वर केला. "मी खोडलं, सर."

"काय लिहिलंस तिथं?" त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

मी मोठ्यानं सांगितलं.

त्या वर्षी त्यांनी मला परीक्षेला बसू दिलं नाही. ओळ मात्र तशीच राहू दिली.