ताकदीच्या गोळ्या

दुबईतल्या मुहैस्नाच्या लेबर कॅम्पमध्ये आरोग्यसेवकांचं प्रशिक्षण असलं की बायको व्हायचं काम सुलक्षणाबाईंकडे. वर्गात दहाबारा बाप्ये, सगळे कंपन्यांच्या दवाखान्यांतले नर्स नाहीतर प्रथमोपचारवाले. गुप्तरोग ओळखायचा कसा, औषध कोणतं, हे दोन दिवसांत घडाघडा शिकायचे. घोडं अडायचं तिसऱ्या दिवशी. रोग्यानं गावच्या बायकोला फोन लावून सांगायचं असतं, की मला असं असं झालंय, तूही तपासून घे. हे त्याच्याकडून वदवून घ्यायचं तर आधी आपल्या तोंडून निघायला नको का? म्हणून एकेकानं रोगी व्हायचं आणि समोर बायको म्हणून बाई.

सात वर्षांत बाई शेकडो जणांच्या बायको झाल्या होत्या. दुसरी एखादी कंटाळली असती. बाई मात्र दर वेळी ते वाक्य कान देऊन ऐकायच्या, जणू खरोखरच कुणीतरी त्यांना सांगत होतं.

आज पाळी रुपेशची. कुडाळचा पोरगा, हुशार, पण जिभेला हाड नाही. खुर्चीत बसला आणि हसायलाच लागला.

"रागावू नका मॅडम, पण असं बायकोला सांगतंय कोण? आमच्या कॅम्पात माणसं स्वतः कोर्स घेतात आणि गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून तिच्यासाठी पण गोळ्या पाठवतात. ताकदीच्या म्हणून. ती बिचारी घेते. खलास!"

वर्ग खदखदून हसला. एरवी बाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. तपासणीशिवाय गोळ्या? बाईमाणूस गरोदर असली तर? आज मनात एवढंच आलं, की निदान गोळ्या तरी पाठवतात मेले.

चोवीस वर्षांपूर्वी वसंतराव इथे फोरमन होते आणि बाई मिरजेला नर्स. महिन्याभराची सुट्टी मिरजेत काढून ते परत गेले आणि बाईंचं ओटीपोट दुखायला लागलं. दुसऱ्यांची दुखणी काढणाऱ्या बाईनं स्वतःचं अंगावर काढलं. दोन वर्षांनी डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर दोन्ही गर्भनळ्या बंद, मूल होणं नाही. पुढे बाई दुबईला आल्या तेव्हा नवऱ्याच्या जुन्या कागदांत एक चिठ्ठी सापडली. दवाखान्याची होती, परमा या गुप्तरोगाच्या औषधांची, त्याच सुट्टीवरून परतल्यानंतर चौथ्या दिवशीची. त्यांनी ती होती तिथे ठेवून दिली. आज ना उद्या हे आपणहून सांगतील, अशी वाट बघत राहिल्या. वाट बघण्यातच केस पांढरे झाले.

संध्याकाळी अल कुसैसच्या घरी वसंतराव मेथी निवडत बसले होते. निवृत्त झाल्यापासून भाजी त्यांच्याकडे होती.

"आज काय शिकवलंस?" त्यांनी रोजच्यासारखं विचारलं.

रोज बाई 'नेहमीचंच' म्हणायच्या. आज त्यांनी पर्समधून सरावाचं कार्ड काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"उद्याची तयारी करायचीय. तुम्ही पेशंट व्हा. मी तुमची बायको."

"ती तू आहेसच की," ते हसले. हात पुसून त्यांनी चष्मा लावला आणि बातम्या वाचाव्यात तसं वाचायला लागले. "हॅलो, मी बोलतोय. तुला एक सांगायचंय. मला एक आजार झालाय. बाहेरच्या संबंधातून झालाय. मी औषध घेतलंय. तूही..."

तिथे ते थांबले. बाईंना वाटलं, अक्षर लागत नसेल. पण ते कार्डाकडे बघतच नव्हते.

"पुढे वाचा ना."

"सुलू, हे मी आता कसं म्हणू? हे तेव्हा म्हणायचं होतं."

इतक्या वर्षांत बाईंनी हा क्षण किती वेळा मनात रंगवला होता. आपण ओरडू, भांडी आदळू, नाहीतर गळ्यात पडून रडू. यातलं काहीच झालं नाही. नुसतं आतून रिकामं रिकामं वाटलं.

"का नाही सांगितलंत?"

"तू सोडून जाशील म्हणून."

"गेले असते माहेरी. महिनाभर. मग आले असते परत," बाई म्हणाल्या. "औषध घेऊन आले असते."

वसंतरावांनी चष्मा काढला. ते रडत होते. त्यांना रडताना बघून बाईंना दयाही आली आणि संतापही आला.

"मुलगी झाली असती तर पर्णिका ठेवणार होते नाव," त्या म्हणाल्या.

वसंतरावांनी मान वर केली. हे नाव ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"पर्णिका," त्यांनी हळूच म्हणून बघितलं.

"पुन्हा म्हणा," बाई म्हणाल्या.